भिंतीला ओल कुठून येते?

मुंबई-कोकणात नैर्ऋत्य वाऱ्याबरोबर पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीत पाणी गिलाव्याच्या भेगांतून किंवा खिडकीच्या चौकटीलगत शिरते. जोत्यापासून साधारण मीटरभर चढलेली, क्षारांची पांढरी पूड सोडणारी ओल बहुधा जमिनीतली. जुन्या घरांत ती बऱ्याचदा दिसते. भर उन्हाळ्यातही न सुकणारा डाग असेल, तर संशय आधी न्हाणीघरावर आणि नळांवर घ्यावा. खात्रीसाठी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून २ दिवस ठेवावा: आतून थेंब धरले तर पाणी भिंतीतले, बाहेरून धरले तर हवेतले. हवेतल्या दमटपणाला बहुतेकदा खेळती हवा पुरते. एरवी आधी पाण्याची वाट बंद करावी, फुगलेला गिलावा खरवडून भिंत पूर्ण सुकू द्यावी, मगच रंग. ओल्या भिंतीवर फासलेला महागडा वॉटरप्रूफ रंगही पापुद्रे धरून सुटतो.