बेदाणा हलका, धूर जड!

बेदाण्याच्या शेडवर कधी गेलायत का? आपल्या कवठे महांकाळच्या पोरांना हे काय विचारायचं म्हणा! जाळीवर चार किलो द्राक्षं टाकली, की काही दिवसांनी साधारण एक किलो बेदाणा हाती येतो. बाकीचे तीन किलो? पाणी होतं ते, उडून गेलं. सोप्पं.

आता उलटं कोडं घ्या. एक लिटर पेट्रोलचं वजन भरतं जेमतेम पाऊण किलो. ते इंजिनात जळालं, संपलं. पण सायलेन्सरमधून निघालेला नुसता कार्बन डायऑक्साइड पोत्यात भरून काट्यावर ठेवता आला, तर तो भरेल जवळजवळ २.३ किलो! आत गेलं पाऊण, बाहेर आलं सव्वादोनच्या वर. काटा बिघडलाय का?

काटा ठीक आहे. जादाचा माल गाडीनं हवेतून उचलला. पेट्रोलमधला कार्बनचा एकेक अणू जळताना ऑक्सिजनचे दोन-दोन अणू पकडतो. कार्बनचं वजन १२ धरलं, तर त्या दोघांचं मिळून ३२. म्हणजे पाहुणे यजमानापेक्षा जड!

शाळा घरापासून एक किलोमीटरवर आहे आणि बाबा कारनं सोडतात, आणतात असं समजा. जाऊन-येऊन दोन वेळा, म्हणजे रोज ४ किलोमीटर. लिटरला १५ धरले, तरी रोजचा सहाशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. महिन्यात २४ दिवस शाळा भरली, तर १४ किलोच्या वर. बाजारात बेदाण्याचा बॉक्स असतो ना १५ किलोचा, जवळपास तेवढा! तोही फक्त एका दप्तरासाठी. खरं तर थोडा जास्तच, कारण थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, आणि एवढ्याशा अंतरात ते नीट तापतसुद्धा नाही.

मग हा माल परत कोण उचलतं? दारातला कडुलिंब. त्याचं एवढं जाडजूड खोड मातीतून आलं असं वाटतं ना? मुळं पाणी आणि थोडे क्षार आणतात, पण वाळलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास कार्बन असतो आणि तो सगळा पानांनी हवेतून घेतलेला. लाकूड म्हणजे घट्ट झालेली हवाच म्हणा. पण गाड्या उभ्या करायला बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं, की बिचाऱ्याच्या मुळांना पावसाचं पाणीही मिळत नाही.

गाड्यांना वेशीबाहेरच थांबवणारं एक गाव आपल्या महाराष्ट्रात आहे. रायगड जिल्ह्यातलं माथेरान. कार दस्तुरी नाक्यापर्यंत येते, तिथून पुढे पाय, घोडा, किंवा १९०७ सालापासूनची छोटी झुकझुक गाडी. (छोटी गाडी आपल्याकडेही होती बरं का! १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली, कवठ्यावरूनच. आजोबांना विचारा.) २००३ मध्ये केंद्र सरकारनं माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवलं. आजारी माणसासाठी रुग्णवाहिका आहे, आता थोड्या ई-रिक्षाही आल्यात. पण लाल मातीच्या वाटेवर, दाट झाडांखाली, रस्त्याच्या मधोमध उभं राहून गप्पा मारता येतात. मागून हॉर्न नाही! घोड्याची लीद तेवढी बघून चाला.

तुमच्यातला एखादा हुशार आता म्हणेल, "चालत शाळेत गेलो तरी धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड सोडतोच की!"

बरोबर. पण तो कार्बन कुठला? सकाळी खाल्लेल्या भाकरीतला. आणि ज्वारीनं तो मागच्या हंगामात हवेतूनच उचलला होता. आज तुम्ही तो हवेला परत केलात, उधारी फिटली. पेट्रोलमधला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाढ झोपला होता. त्याला उठवलं आपण, एक किलोमीटरवरच्या शाळेत जायला.