शंभर टक्के निकालाचें औषध

माझा सारा जन्म शाळेंत गेला. एका शाळेचा निकाल दरवर्षीं शंभर टक्के लागे व गांवांत तिचा मोठा बोलबाला होता. पुढें कळलें तें असें, कीं कच्च्या मुलांना तेथें परीक्षेस बसूंच देत नसत. निकाल खोटा नव्हता. मोजणी मात्र अपुरी होती. औषधांच्या चाचण्यांतहि असेंच कसें घडतें, तें आज सांगणार आहें.

औषधाची चाचणी कशी घ्यावी, याचा नमुना ब्रिटनमध्यें १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. क्षयाच्या १०७ रोग्यांपैकीं ५५ जणांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन दिलें, ५२ जणांना नुसती विश्रांति. कोणास कोणत्या गटांत घालावयाचें, हें डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलें नव्हतें. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनीं तयार केलेल्या, बंद पाकिटांतील चिठ्ठ्यांवरून तें ठरे. सहा महिन्यांत पहिल्या गटांतील ४ व दुसऱ्यांतील १४ रोगी दगावले. चिठ्ठी कशासाठीं? डॉक्टरांना मोकळीक दिली, तर त्यांतल्या त्यांत बऱ्या प्रकृतीचे रोगी नकळत औषधाच्या वाट्यास येतात. मग यश औषधाचें कीं प्रकृतीचें, हें समजत नाहीं.

१९९८ सालीं अँड्र्यू व्हिकर्स व त्यांचे सहकारी यांनीं देशोदेशींच्या अशा चाचण्या ताडून पाहिल्या. नवा उपचार सरस ठरल्याचें प्रमाण इंग्लंडांत ७५ टक्के, जपानांत ८९, रशियांत ९७ आणि चीनमध्यें ९९ टक्के निघालें! मनुष्याचें शरीर तर सगळीकडे सारखेंच. या कोड्याचा कांहीं उलगडा २००९ सालीं चिनी संशोधकांनींच केला. चिठ्ठीनें वांटणी केल्याचें ज्यांत छापलें होतें, अशा २,२३५ चाचण्यांच्या लेखकांना त्यांनीं फोनवरून प्रश्न विचारले. अवघ्या २०७ चाचण्यांत ती वांटणी खरोखर रीतसर झाली होती. पुष्कळांना तिची रीतच नीट ठाऊक नव्हती.

परंतु एवढ्यावरून पौर्वात्यांस नांवें ठेवूं नयेत. मानसिक खिन्नतेवरील १२ औषधांच्या, अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याकडे नोंदलेल्या ७४ चाचण्यांचा शोध २००८ सालीं प्रसिद्ध झाला. खात्याच्या मतें ३८ यशस्वी होत्या. त्यांपैकीं ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ अयशस्वी वा संशयास्पद होत्या. त्यांतील २२ छापल्याच नाहींत, ११ यशाचा रंग देऊन छापल्या, आणि केवळ ३ जशाच्या तशा प्रसिद्ध झाल्या. दोष देशाचा नव्हे. अपयश सांगण्याच्या भीतीचा आहे.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. डॉक्टर औषध लिहून देतात, तें बव्हंशीं छापील लेखांच्या भरंवशावर. तेथें अपयश गाळलें गेलें, तर निरुपयोगी गोळी आपल्याच घरच्या रोग्याच्या पोटांत जाते व खऱ्या उपचाराचे दिवस फुकट जातात.

यावर उपाय म्हणजे पहिला रोगी घेण्यापूर्वींच चाचणीची जाहीर नोंद करणें. मग तिचा निकाल लागला कीं लपला, हें कोणासहि विचारतां येतें. आपल्या देशांत अशी नोंदवही २००७ सालीं सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली. ती वही सर्वांस खुली आहे.

म्हणून एखाद्या औषधाची थोरवी कानीं आली, तर तीन प्रश्न विचारावे: नोंद आधीं झाली होती काय? वांटणी कोणी व कशी केली? आणि किती रोग्यांस गुण आला नाहीं? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर जो सरळ देतो, त्याच्या पहिल्या दोन उत्तरांवरहि विश्वास ठेवावासा वाटतो.