रोज सोबत न्यायचा हेडफोन कसा निवडावा?



दीक्षा ॲपवरचं प्रशिक्षण, कवितेच्या चाली, इंग्रजी उच्चारांचे व्हिडिओ, मुलांचे ऑनलाइन तास... हेडफोन आता छत्रीसारखा रोजच्या पिशवीतला झाला आहे. पण छत्री घेताना आपण ती उघडून पाहतो, काड्या तपासतो. हेडफोन घेताना मात्र किंमत विचारतो आणि रंग निवडतो. मग दोन-तीन महिन्यांत एका बाजूचा आवाज जातो आणि पुन्हा नवा घ्यावा लागतो. म्हणून आज पाहू या, हेडफोन बिघडतो कुठे, आणि घेताना काय बघायचं.

आधी बिघाड समजून घेऊ

हेडफोनमध्ये आवाज काढणाऱ्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. त्यात एक चुंबक, बारीक तारेचं वेटोळं आणि पातळ पडदा असतो. तारेतून येणाऱ्या विजेप्रमाणे वेटोळं पुढे-मागे हलतं, पडदा हलतो, हवा हलते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. नीट वापरला तर हा भाग सहसा वर्षानुवर्षं चालतो.

बहुतेक वेळा तुटते ती तार. तीही ठरावीक जागी: पिनेच्या मानेशी, तारेला दोन फाटे फुटतात तिथे, आणि तार कानाच्या भागात शिरते तिथे. आतले तांब्याचे तंतू केसासारखे बारीक असतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकले की ते तुटतात. 'पिन जरा फिरवली की आवाज येतो' हे त्याचंच लक्षण. म्हणजे टिकाऊपणा पाहायचा तर या सांध्यांकडे पाहायचं.

दुकानात काय पाहाल?

१. पिनेची मान: तार जिथे पिनेत शिरते तिथे रबराची लवचीक, थोडी लांब नळी असावी. फोन खिशात ठेवून ऐकत असाल तर काटकोनी पिनेवर ताण कमी येतो. मात्र जाड कव्हर असलेल्या फोनमध्ये ती पूर्ण बसते का, तेही पाहा.

२. सुटी होणारी तार: काही हेडफोनची तार दोन्हीकडून काढता येते. तार तुटली तर फक्त तार बदलायची. थोडे पैसे जास्त गेले तरी हा प्रकार परवडतो.

३. बदलता येणाऱ्या गाद्या: कानावरचा फोम किंवा रेक्झिन घामाने खराब होणारच. तशा गाद्या वेगळ्या मिळतात का, हे विचारून घ्या. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो हा घडीचा हेडफोन १९८४ साली आला आणि आजही विकला जातो. त्याचा फोम झिजला तर नवा बसवता येतो.

४. पट्टी आणि बिजागरी: डोक्यावरची पट्टी हळूच फाकवून पाहा. लांबी कमी-जास्त करताना करकर आवाज आला किंवा प्लॅस्टिक पांढरं पडलं तर तो बाजूला ठेवा. घडी होणारा हेडफोन पिशवीत सोयीचा असतो, पण बिजागरी ढिली नको.

५. पिनेवरचे काळे पट्टे: ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर तीन पट्टे असतील तर साधारणपणे माइक असतो. दोन असतील तर फक्त ऐकता येतं. ऑनलाइन तासाला बोलायचं असेल तर माइकवाला घ्या.

६. स्वतःचा फोन सोबत न्या: आता अनेक फोनला गोल पिनेचं भोक नसतं, टाइप-सी असतं. टाइप-सीचा प्रत्येक हेडफोन किंवा जोडणी प्रत्येक फोनवर चालतेच असं नाही. काही फोनना आत चिप असलेलीच जोडणी लागते. दुकानातच लावून पाहा आणि डावी-उजवी दोन्ही बाजू ऐका.

खोक्यावर ओहममध्ये एक आकडा असतो. फोनसाठी १६ ते ३२ ओहमचा हेडफोन सहसा ठीक चालतो. ड्रायव्हर किती मिलिमीटरचा हे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, पण मोठा म्हणजे चांगला असं नाही.

बिनतारी घ्यावा का?

तार नाही म्हणजे तार तुटायची भीती नाही, हे खरं. पण त्यात लिथियम-आयन बॅटरी असते आणि ती वापरासोबत क्षीण होत जाते. कानात घालायच्या सुट्या बोंड्यांमध्ये ती बदलणं जवळपास अशक्य असतं. शिवाय एक बोंडी हरवली की जोडी अपुरी. लहान मुलांसाठी म्हणूनच तारेचा बरा. पावसाळ्यात प्रवास असेल आणि बिनतारीच घ्यायचा असेल तर आयपीएक्स४ अशी खूण पाहा. याचा अर्थ पाण्याचे शिंतोडे सोसतो. पाण्यात बुडवायला चालतो असा नाही.

स्वस्त कशाला म्हणायचं?

समजा, १५० रुपयांचा हेडफोन ३ महिने चालला. महिन्याला ५० रुपये पडले. ६०० रुपयांचा २ वर्षं चालला तर महिन्याला २५ रुपये. पाचवीच्या वर्गात भागाकार शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. अर्थात, महाग आहे म्हणून टिकेलच असंही नाही, म्हणून वरचे मुद्दे तपासायचे. वॉरंटी विचारा, पक्कं बिल घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरच्या बिलाची अक्षरं काही महिन्यांत उडतात.

कानाचं काय?

हेडफोन बदलता येतो. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी मेल्या तर त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, तर मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज ४० तास, अशी मर्यादा सुचवली आहे. दर ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ऐकण्याची वेळ निम्मी करायची. म्हणजे मोठ्यांसाठी ८३ ला २० तास, ८६ ला १० तास.

घरात डेसिबल मोजायचं यंत्र नसतं. साधी पद्धत अशी: आवाज साठ टक्क्यांच्या आत ठेवा. हेडफोन घातलेल्या मुलाला हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. त्याला ऐकू आली नाही तर आवाज कमी करायला सांगा. एसटीत गोंगाट असतो म्हणून आपण नकळत आवाज वाढवतो. तिथे कानात नीट बसणारी रबरी टोपी बाहेरचा आवाज अडवते आणि कमी आवाजात भागतं. मात्र रस्त्याने चालताना, सायकल किंवा गाडी चालवताना हेडफोन नकोच.

वापरताना

- काढताना पिन धरून ओढा, तार धरून नाही.
- तार फोनभोवती घट्ट गुंडाळू नका. सैल वेटोळं करून चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवा.
- कानात घालायचे इअरफोन एकमेकांत वाटू नका. वर्गात एकच हेडफोन असेल तर गाद्या पुसून मगच दुसऱ्या मुलाला द्या.
- पिनेजवळ तार तुटली तर लगेच फेकू नका. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नवी पिन डाग देऊन बसवता येते का, विचारा.

शेवटचं काम मुलांकडे द्या. घरातले बंद पडलेले हेडफोन वर्गात आणायला सांगा आणि कोणता कुठे तुटला याची फळ्यावर नोंद करा. पिन, फाटा, कानाजवळ, बॅटरी असे चार रकाने पुरतील. पुढच्या वेळी खरेदीला गेल्यावर कुठे पाहायचं, ते मुलंच तुम्हाला सांगतील.