जातिवंत पिल्लू आणताना...

मुलांचा हट्ट, शेजारच्या घरातील देखणे कुत्रे किंवा दूरचित्रवाणीवरील एखादी जाहिरात. जातिवंत पिल्लू घरी येण्यास एवढे निमित्त पुरेसे ठरते. 'हच' कंपनीच्या २००३ मधील जाहिरातीत लहान मुलाच्या मागे धावणारा पग झळकला आणि ही जात शहरांमधील घराघरांत पोहोचली. मात्र, पगचे जे चपटे नाक गोंडस वाटते, त्याच ठेवणीमुळे त्याला श्वास घेण्यास त्रास होतो आणि उन्हाळ्यात शरीर थंड राखणे जड जाते. म्हणूनच रूपापेक्षा स्वभाव, हवामान आणि घरातील वेळ यांचा विचार आधी व्हायला हवा.

लॅब्रॅडॉर माणसाळू असतो. परंतु पुरेसा व्यायाम न मिळाल्यास लवकर स्थूल होतो. जर्मन शेफर्डप्रमाणेच त्याच्यातही खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो. सैबेरियन हस्कीची दाट दुहेरी लव बर्फाळ प्रदेशासाठी आहे, नागपूरच्या मे महिन्यासाठी नव्हे. सोलापूर, लातूर भागातील कारवानी कुत्रे येथील हवेला सरावलेले असते. पण शिकारीसाठी जोपासलेल्या या जातीला रोज मनसोक्त धावणे लागते.

पिल्लू कोठून घ्यावे, हा पुढचा प्रश्न. कुत्र्यांचे प्रजनन व विक्री यासंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात महिनाभराची पिल्लेही सर्रास विकली जातात. आई आणि भावंडांच्या सहवासातच पिल्लू चावण्याची मर्यादा शिकते. त्यापासून लवकर तुटलेले पिल्लू पुढे भित्रे किंवा चावरे होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे पिल्लाची आई आणि राहण्याची जागा पाहण्याचा आग्रह धरावा. आई दाखवण्याची टाळाटाळ होत असल्यास तेथून परतणे उत्तम. केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणीपत्र वंशावळ सांगते. ते आरोग्याची हमी नसते.

निरोगी पिल्लाचे डोळे स्वच्छ असतात, नाक वाहत नाही, कातडीवर खवले किंवा टक्कल नसते. पोट फुगलेले असल्यास जंतांची शंका घ्यावी. कोपऱ्यात बसलेल्या पिल्लाची दया येते. परंतु ते आजारी असू शकते.

घरी आल्यानंतरचा मोठा धोका पार्व्हो विषाणूचा. उलट्या, रक्तमिश्रित जुलाब आणि गळून जाणे ही त्याची लक्षणे. उपचारास विलंब झाल्यास पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते. 'एक इंजेक्शन झाले आहे' या विक्रेत्याच्या आश्वासनावर विसंबणे म्हणूनच घातक ठरते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्ये लसीचा परिणाम रोखतात आणि ती नेमकी कधी ओसरतील, हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांपासून सुमारे १६ आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर दिली जाते. ही मालिका पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर किंवा बागेत जमिनीवर सोडू नये. मात्र कडेवर घेऊन माणसे, वाहने, आवाज यांची ओळख जरूर करून द्यावी.

आहाराबाबतही गैरसमज आहेत. केवळ दूध-पोळीवर पिल्लाचे पोषण होत नाही. अनेकांना गाई-म्हशीच्या दुधाने जुलाब होतात. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, नंतर सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा प्रथिनयुक्त आहार द्यावा. मोठ्या जातींच्या पिल्लांना सल्ल्याविना कॅल्शियम देणे हाडांच्या वाढीस अपायकारक असते. चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि बेदाणे विषारी ठरतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. गुळगुळीत फरशीवर चटई अंथरावी, गोचिडांसाठी अंग नियमित तपासावे आणि महापालिकेचा परवाना घ्यावा.

कुत्रा दहा-बारा वर्षे सोबत करतो. आज हट्ट धरणारा पाचवीतला मुलगा तोवर महाविद्यालयात गेलेला असेल. त्या वेळी म्हाताऱ्या कुत्र्याला फिरायला कोण नेणार, याचे उत्तर घरात आधी ठरावे; पिल्लू त्यानंतर आणावे.