प्राथमिक शाळेतील कॉपी : मुलांची की मोठ्यांची?

परीक्षेतील कॉपी म्हटली की आपल्यासमोर दहावी-बारावीचे केंद्र, खिडकीतून येणाऱ्या चिठ्ठ्या आणि भरारी पथक यांचे चित्र उभे राहते. प्राथमिक शाळेतील कॉपीचा असा गाजावाजा होत नाही. तेथे आठ-दहा वर्षांच्या मुलाला चिठ्ठी लिहिण्याचीही गरज नसते; उत्तर फळ्यावर येते, किंवा उत्तरपत्रिका गोळा झाल्यावर कोणी मोठा माणूसच ती 'दुरुस्त' करतो. ज्या गुणांचे मुलाला फारसे सोयरसुतक नाही, त्यांसाठी मोठ्यांनी हा खटाटोप का करावा? हा प्रश्न नीतीचा आहे, तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

शिक्षणाला बाजाराचा नियम लावण्याचा प्रयोग जुना आहे. 1862 मध्ये इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी 'निकालानुसार अनुदान' ही पद्धत आणली. मुलाने निरीक्षकापुढे वाचन, लेखन व अंकगणित यांत उत्तीर्ण व्हावयाचे; ज्या विषयात तो नापास होईल त्यामागे शाळेच्या अनुदानातून 2 शिलिंग 8 पेन्स कापले जावयाचे. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणारी ही योजना वरकरणी निर्दोष होती. परंतु शाळा ठराविक पुस्तकाची घोकंपट्टी करून घेऊ लागल्या. स्वतः शाळा-निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी आपल्या अहवालांतून दाखवून दिले की, खऱ्या अर्थाने वाचता न येणारे मूलही या परीक्षेतून पार पडू शकते. अखेर तीसेक वर्षांनी ही पद्धत मोडीत निघाली.

मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याचे हे तत्त्व आले होते. 1882 मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी त्याला स्पष्ट विरोध नोंदविला. ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडी अद्याप निर्माण व्हावयाची आहे, तेथे ही पद्धत उपयोगाची नाही. तेथे स्वतःच्या भरवशावर शाळा काढून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही, म्हणून सरकारी शाळाच हव्यात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बाजाराची मर्यादा त्यांनी अचूक हेरली होती.

जग मात्र पुनःपुन्हा त्याच वाटेने जाते. अमेरिकेतील अटलांटा शहरात शाळांच्या चाचणी-गुणांशी बक्षिसे आणि नोकऱ्या जोडल्या गेल्या. गुण वाढले, कौतुक झाले. 2011 च्या सरकारी चौकशीत 44 शाळांमध्ये गैरप्रकार आढळला. त्यात 178 शिक्षक व मुख्याध्यापक गुंतलेले होते. मुलांची चुकीची उत्तरे खोडून बरोबर उत्तरे भरण्याचे काम शिक्षकांनीच केले होते. 2015 मध्ये 11 जणांना न्यायालयाने दोषी ठरविले.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे काय? महाराष्ट्राने 2012 च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना दार उघडले. पालकाला निवड मिळाली, हे खरे. परंतु जिल्हा परिषदेच्या शाळेवर पट टिकविण्याचे संकट आले. पट घसरला की संचमान्यतेत शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. जेथे आकड्यावर पोट अवलंबून असते तेथे आकडा फुगतो, हे 2011 च्या पटपडताळणीने दाखविलेच आहे. लक्षावधी विद्यार्थी तेव्हा हजेरीपटावर होते, वर्गात नव्हते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही मागे न ठेवण्याचे ठरविले. 2019 च्या दुरुस्तीने ते बंधन सैल झाले आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. निकालाची जोखीम अशा रीतीने वाढत असताना शिक्षकाच्या हातातील लेखणी डळमळणार नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

परीक्षाच नको, असे माझे म्हणणे नाही. परीक्षेवाचून अज्ञान झाकले जाते. महाविद्यालयात साधी शेकडेवारी काढताना अडखळणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. केवळ शिक्षकांना दोष देऊनही भागणार नाही. प्रश्न असा की, परीक्षा कोणासाठी? ती मुलाला काय येत नाही हे कळण्यासाठी असेल, तर तिच्या निकालावर शिक्षकाची बढती, शाळेचा दर्जा किंवा अधिकाऱ्याचा अहवाल टांगता कामा नये. व्यवस्थेची परीक्षा घ्यावयाचीच असेल, तर ती बाहेरच्यांनी, निवडक नमुन्यावर घ्यावी. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून होणारी 'असर' पाहणी ग्रामीण मुलांना त्यांच्या घरी जाऊन तपासते. तेथे शाळेच्या हातात खोडरबर नसतो. आणि जे मूल मागे आढळेल त्याच्या शाळेला शिक्षा नव्हे, जादा शिक्षक मिळावा.

दहावीचा विद्यार्थी कॉपी करतो तेव्हा तो निदान स्वतःच्या फायद्यासाठी करतो. चौथीतल्या मुलाची उत्तरपत्रिका मोठी माणसे दुरुस्त करतात, तेव्हा फायदा त्यांचा होतो आणि तोटा त्या मुलाचा. त्याला वाचता येत नाही ही गोष्ट कागदावरून पुसली जाते, आणि मग त्याला वाचायला शिकविण्याचे कोणालाच कारण उरत नाही.