काच लावली म्हणजे चित्र वाचलं?

‘काच लावून घेतली आहे, आता काळजी नाही.’ फ्रेमच्या दुकानात, प्रदर्शनातून जलरंगातलं चित्र विकत घेऊन निघालेल्यांच्या तोंडी, हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याचा राग येतो. कारण कागदावरची चित्रं काचेआडच नासलेली जागोजागी दिसतात.

काच धूळ अडवते, झुरळं अडवते, पोरांचे हात अडवते. प्रकाश मात्र ती अडवत नाही. साध्या काचेतून यूव्ही-ए किरणं बऱ्याच अंशी आरपार जातात. ती अडवणारी खास काच मिळते, महाग असते, परवडत असेल तर जरूर लावा. पण रंग उडतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही. लंडनच्या नॅशनल गॅलरीचे वैज्ञानिक सल्लागार गॅरी थॉमसन यांचं ‘द म्युझियम एन्व्हायर्नमेंट’ हे पुस्तक १९७८ सालचं. त्यात जलरंग आणि कापडासाठी ५० लक्स (लक्स म्हणजे उजेडाच्या तीव्रतेचं माप), तैलचित्रांसाठी २०० लक्स अशी मर्यादा सांगितली आहे. थेट उन्हात हा आकडा हजारोंच्या घरात जातो. शिवाय हे नुकसान साठत जातं, गेलेला रंग परत येत नाही. तेव्हा खिडकीसमोरच्या भिंतीवर सकाळचं ऊन येत असेल, तर ती जागा जलरंगाची नव्हे, मग काच कितीही भारी असो.

आपल्या हवेत याहून घातक गोष्ट म्हणजे काच आणि चित्र एकमेकांना टेकवून बसवणं. ‘मधे फट नको, धूळ शिरेल’ असं ठामपणे सांगणारे फ्रेमवाले आहेत आणि गिऱ्हाइकांनाही ते पटतं. अहो, फटच हवी! हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो, आणि मुंबई-कोकणात जुलैमध्ये ती ऐंशीच्याही वर असते. गार पडलेल्या काचेच्या आतल्या बाजूला दमट हवेतलं पाणी धरतं. टेकलेला कागद ते शोषून घेतो. जलरंग ओघळतो, फोटोचा जिलेटिनचा थर काचेला चिकटतो. रविवर्म्यांच्या छापखान्यातली (१८९४ साली मुंबईत सुरू झालेला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला) जुनी लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं अशा अवस्थेत घरोघरी सापडतात. तिरप्या उजेडात बघितलं तर काचेला चिकटलेला भाग ओलसर, चकचकीत दिसतो आणि बाकीचा निस्तेज. तिथे काच ओढली की लक्ष्मीचा गाल काचेबरोबर येतो. अशी फ्रेम घरी उघडू नका, जाणकाराकडे न्या.

उपाय सोपा आहे. चित्राभोवती माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घ्या. तो शोभेसाठी आहे असं समजून पैसे वाचवले जातात, पण त्याचं खरं काम चित्राला काचेपासून दूर ठेवण्याचं आहे. माउंट नको असेल तर काचेच्या आत कडेने बारीक पट्टी बसवून घ्या. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं लावा, म्हणजे भिंतीला ओल आली तरी मधून हवा खेळेल.

आणि फ्रेम पुढून जितकी बघता तितकी मागूनही बघा. स्वस्त माउंटच्या पुठ्ठ्यात आणि हार्डबोर्डात आम्ल असतं, ते हळूहळू कागदात उतरतं. जुन्या फ्रेमचा माउंट उचलला की चित्राच्या चारही कडांना तपकिरी रेघ दिसते, ती याचीच. म्हणून माउंट आम्लमुक्त मागा, आणि चित्र व हार्डबोर्ड यांच्या मध्ये तसाच एक बोर्ड घालायला सांगा. चित्र पाठीमागून सेलोटेपने चिकटवू देऊ नका: टेप सुकून गळतो, त्याचा डिंक कागदात मुरतो आणि पिवळा डाग पडतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. कॅनव्हासवरच्या तैलचित्राला काच सहसा लागत नाही, त्याला वॉर्निश पुरतं. लॅमिनेशन हा फ्रेमला पर्याय नव्हे: चिकटलेलं प्लॅस्टिक मूळ चित्रावरून पुन्हा निघत नाही. तांदळाच्या पिठाने काढलेल्या वारली चित्राला ‘नैसर्गिक आहे, टिकेल’ म्हणून ओल्या भिंतीवर लावू नका, पीठ बुरशीला आणि किड्यांना आवडतं. फ्रेम सोफ्याच्या रंगाशी जुळायलाच हवी असंही काही नाही, सोफा बदलेल आणि चित्र राहील. फ्रेमच्या पट्टीचा रंग चित्रातल्याच एखाद्या गडद छटेशी मिळताजुळता घ्या. जड फ्रेम एका खिळ्यावर टांगली की तिरकी होत राहते, दोन हूक लावा. आणि काच पुसताना फवारा थेट तिच्यावर मारू नका, पाणी खालच्या कडेने आत शिरतं. कापडावर मारून मग पुसा.