आकाशांतील वाटाड्या मुका होतो तेव्हां



समुद्रावर मैलाचा दगड नसतो. जमिनीवर वाट चुकलेल्या माणसास एखादें झाड ओळखीचें निघतें, कोणी वाटसरू भेटला तर त्यास विचारितां येतें. पाण्यावर यांपैकीं कांहींच नाहीं. म्हणून “मी कोठें आहें?” हा दर्यावर्दी मनुष्याचा पहिला प्रश्न असतो, आणि पुष्कळ वेळां त्याचा जीव या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो. अमेरिकेची जीपीएस नांवाची उपग्रहांची योजना १९९५ सालीं पूर्णत्वास गेली, आणि तेव्हांपासून हें उत्तर देण्याचें काम माणसानें हळूहळू आकाशाकडे सोंपविलें. आज लहानशा होडींतलें यंत्रही कांहीं मीटरांच्या आंत आपलें ठिकाण सांगतें. हा वाटाड्या मोठा हुशार खरा. पण त्याचा आवाज अत्यंत क्षीण आहे, व तो बुडविणें फार सोपें आहे. या उणिवेचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम हें यंत्र चालतें कसें, तें पाहूं. प्रत्येक उपग्रहावर अतिशय अचूक घड्याळें असतात. “मी अमुक ठिकाणीं आहें, आणि आतां अमुक वेळ झाली आहे,” असें तो अखंड सांगत असतो. त्याचा संदेश सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर या वेगानें येतो. तो पोंचण्यास किती वेळ लागला हें कळलें, म्हणजे उपग्रहाचें अंतर कळलें. अशीं तीन अंतरें मिळालीं कीं ठिकाण ठरावें. परंतु होडींतलें घड्याळ तितकें अचूक नसतें, म्हणून चौथा उपग्रह लागतो. वेळेंत एका सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली, तर अंतरांत ३०० मीटरांची चूक होते.

आतां उणीव पाहा. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. इतक्या अंतरावरून येतां येतां त्यांचा संदेश विरून जातो. एका वॉटाचे शंभर कोटी भाग करावे, त्यांतील एका भागाचे पुन्हां एक कोटी भाग करावे. त्यांतला जेमतेम एक भाग आपल्या यंत्राच्या वांट्यास येतो. ही कुजबूज कशी असेल हें यंत्रास आधींच ठाऊक असतें, म्हणून तें ती गोंगाटांतून निवडून काढूं शकतें. पण कानाशींच कोणी ढोल बडवूं लागला, तर कितीही तीक्ष्ण कान असोत, काय ऐकूं येणार? उपग्रहाच्या लहरींवरच कोणीं आपला गोंगाट प्रक्षेपित केला, कीं त्याचा आवाज बुडतो. यालाच जॅमिंग म्हणतात. त्यास मोठें केंद्र लागत नाहीं. मोटारींत बसविण्याजोगी लहानशी डबीही आसपासचीं यंत्रें बधिर करूं शकते. आणि उघड्या समुद्रावर मध्यें डोंगर वा इमारती नसल्यानें हा उपद्रव दूरवर पोंचतो.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फ्लॅम्बरो हेड नांवाचें भूशिर आहे. तेथें २००८ सालीं ब्रिटन व आयर्लंड येथील दीपगृहांच्या अधिकाऱ्यांनीं मुद्दाम एक प्रयोग केला. किनाऱ्यावर अल्प शक्तीचें जॅमिंगचें यंत्र ठेविलें आणि ‘पोल स्टार’, म्हणजे ध्रुवतारा, या नांवाचें आपलें जहाज त्याच्या टापूंत नेलें. खलाशांस आगाऊ सूचना होती. तरीही एकामागून एक धोक्याच्या घंटा वाजूं लागल्या व सर्वांची त्रेधा उडाली. कारण ठिकाण सांगणारें यंत्र एकटें नसतें. नकाशा दाखविणारा पडदा, आपलें स्थान इतर जहाजांस कळविणारें यंत्र आणि संकटाची हांक देणारा रेडिओ, हीं सारीं त्याच एका उत्तरावर चालतात.

त्या प्रयोगांत याहूनही गंभीर गोष्ट दिसली. गोंगाट पूर्ण असे तेव्हां यंत्र गप्प बसे. तें निदान प्रामाणिक होतें. पण टापूच्या कडेवर, जेथें अर्धवट ऐकूं येई, तेथें तें खोटीं ठिकाणें व खोटा वेग सांगूं लागलें. मुका वाटाड्या परवडला. बरळणारा घात करितो.

याच्याही पुढची पायरी म्हणजे तोतया. पेशवाईंत भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तसा येथें उपग्रहाचा तोतया उभा राहतो. तो हुबेहूब तीच भाषा बोलतो, पण किंचित् मोठ्यानें. यंत्र त्यालाच खरा मानतें. २०१३ सालीं टेक्सस विद्यापीठाच्या संशोधकांनीं भूमध्य समुद्रांत, मालकाच्या संमतीनें, ६५ मीटर लांबीच्या एका नौकेस असेंच मार्गावरून वळवून दाखविलें. घंटा वाजली नाहीं. २०१७ च्या जूनमध्यें काळ्या समुद्रांतील वीसांहून अधिक जहाजांचीं यंत्रें त्यांस जमिनीवरील विमानतळावर दाखवूं लागलीं. अलीकडे बाल्टिक समुद्र, तांबडा समुद्र, इराणचें आखात येथें युद्धाच्या निमित्तानें हा प्रकार वाढला आहे. रोख शत्रूच्या विमानांवर असतो. परंतु सुक्याबरोबर ओलेंही जळतें, तशी भोंवतालची मासेमारी होडीही त्यांत सांपडते.

कोणी म्हणेल, रशियाचे, युरोपचे व आपले उपग्रहही आहेत. त्यांची साक्ष घ्यावी. घ्यावी खरी; पण ते सर्व तितक्याच हळू आवाजांत बोलतात, व एकाच गोंगाटांत सारे बुडूं शकतात. साक्षीदार चार असले तरी ते एकाच घरचे आहेत.

मग उपाय काय? १९९५ सालच्या जूनमध्यें ‘रॉयल मॅजेस्टी’ हें उतारूंचें जहाज बर्म्युडाहून बोस्टनला जात होतें. त्याच्या यंत्राची तार निसटली; उपग्रह ऐकूं येईनासे झाले, आणि यंत्र नुसत्या अंदाजानें ठिकाण सांगत राहिलें. चोवीस तासांहून अधिक वेळ तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. शेवटीं सुमारें १७ सागरी मैल वाट चुकून जहाज नॅन्टुकेटनजीक वाळूंत रुतलें. तेथें कोणी शत्रू नव्हता. पडद्यावरील अंकांखेरीज दुसरें कांहीं न पाहण्याची संवय होती. तेव्हां उपायही त्या संवयीवरच हवा.

होडी घेऊन जाणारानें होकायंत्र व कागदी नकाशा बरोबर ठेवावा. दर तासास वेळ, दिशा व वेग वहींत टिपावा. ताशीं ५ मैलांनीं दोन तास गेलों, तर १० मैल आलों, हें गणित शाळेंतील मुलासही येतें. त्यांत वारा व ओहोटी-भरती यांचा हिशेब धरावा. दीपगृह आणि डोंगराचें टोंक यांच्या दिशा होकायंत्रानें घेऊन नकाशावर दोन रेषा ओढाव्या. त्या छेदतात तेथें आपण असतों. पाण्याची खोली नकाशाशीं ताडून पाहावी. डोंगर आणि देऊळ एका रेषेंत आणून ठिकाण ओळखणारा कोंकणांतील जुना तांडेल याहून निराळें काय करीत होता? यंत्रांतील वेग एकाएकीं उसळला, किंवा होडी जमिनीवर दिसूं लागली, तर आपोआप चालणारें सुकाणू बंद करून हातीं घ्यावें. आणि मदतीची हांक देतांना केवळ यंत्राच्या अंकांवर न विसंबतां, अमुक दीपगृहापासून अमुक दिशेस इतक्या मैलांवर, असें तोंडानेंही सांगावें.

उपग्रहाचा वाटाड्या टाकून द्यावा, असें माझें म्हणणें नाहीं. दाट धुक्यांत त्यानें असंख्य प्राण वांचविले आहेत. परंतु त्याचा शब्द दुसऱ्या, निराळ्या घरच्या साक्षीदाराकडून पडताळून घ्यावा. ती पडताळणी स्वच्छ दिवशीं, किनारा दिसत असतांना करण्याची संवय ठेविली, तरच अंधाऱ्या रात्रीं ती उपयोगी पडेल.